मिठाच्या खिडकीवरचं बोट

आमच्या लेसरचा किरण डोळ्यांना दिसत नसे. सिनेमात दाखवतात तसा लाल झगझगीत पट्टा त्याला नव्हता. तो कुठून निघतो आणि कुठे पडतो हे पाहायचं तर वाटेत कागद धरावा लागे. कागदावर तपकिरी ठिपका उमटला, जरा धूर निघाला, की किरण तिथे आहे असं समजायचं. त्यासाठी मी बसची जुनी तिकिटं जपून ठेवत असे. चिंचवडहून पिंपरीला येताना जे तिकीट मिळे ते पर्सच्या आतल्या कप्प्यात जाई, आणि आठवड्याने त्यातली बरीचशी मधोमध भोकं पडून केराच्या टोपलीत जात.

तुमच्या आईने फोनवर सांगितलं की थोरलीला आता रसायनशास्त्र घ्यायचं आहे, आणि आजी नोकरीत नेमकं काय करायची असं ती विचारत होती. फोनवर हे सांगणं जमत नाही. तुमची सकाळ असते तेव्हा माझी जेवणं आटपलेली असतात, आवाज मध्येच तुटतो, आणि तुम्हाला शाळेची घाई असते. म्हणून लिहून पाठवते आहे. आईला मोठ्याने वाचायला सांगा. मी इंग्रजीतून शिकले, विज्ञान तर सगळं इंग्रजीतूनच, पण ही हकिगत मला त्या भाषेत सांगता येणार नाही. ती घडली तेव्हा आजूबाजूची माणसं मराठीत बोलत होती.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. पिंपरीला औषधांच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. तिथे एक यंत्र होतं. त्यात पदार्थाचा नमुना ठेवला की त्यातून अवरक्त प्रकाश जाई, आणि यंत्राचं पेन लांब कागदावर एक रेघ ओढत जाई. नमुन्याने प्रकाशाचा जो भाग शोषला असेल तिथे रेघेला खड्डा पडे. कोणत्या जागी खड्डा आहे त्यावरून रेणूत कोणते बंध आहेत ते मला ओळखता येई. या यंत्राला दमट हवा चालत नसे, कारण त्याच्या आतले काही भाग मिठाचे होते. हो, आपण भाजीत घालतो तेच मीठ, फक्त मोठा स्फटिक कापून, घासून, काचेसारखा केलेला. काच हा प्रकाश अडवते आणि मीठ जाऊ देतं, म्हणून. त्यामुळे माझी खोली थंड, कोरडी आणि कायम दार बंद. कारखान्यात सगळ्यांना त्या खोलीचा हेवा वाटे. उन्हाळ्यात कोणीतरी काहीतरी निमित्त काढून दोन मिनिटं आत येऊन उभं राही आणि मग जाई.

मी तिथेच जेवत असे. साहेब लोकांच्या कॅन्टीनमध्ये सगळे पुरुष. मी गेले की ते बोलणं बदलत, हे त्यांच्या लक्षात येत नसे पण माझ्या येई. पॅकिंगच्या हॉलमध्ये खूप बायका होत्या, त्या गोल करून डबे उघडत, एकमेकींच्या भाज्या खात. पण मी ‘वरची’. मी जवळून गेले की त्या पदर सावरून गप्प होत. तेव्हा डबा उघडायचा, पेनची खरखर ऐकत जेवायचं, डबा विसळायचा, पुन्हा कामाला लागायचं. घरी तरी काय होतं? तुमचे आजोबा आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. मी जिना चढत असताना ते उतरत असायचे. तुमची आई तेव्हा लहान, शेजारच्या काकूंकडे राहायची आणि मला पाहून आधी काकूंच्या मागे लपायची. आम्ही तिघं एकाच घरात राहत होतो, पण तिघं एकत्र रविवारीच दिसायचो.

मग सर आले. त्यांना मी सरच म्हणत असे, म्हणून इथेही तसंच लिहिते. परदेशात शिकून, काही वर्षं तिकडे काम करून ते परतले होते. पत्नी वारली होती, मुलगा मुंबईला मावशीकडे शिकत होता. ते दापोडीला रेल्वेलगत दोन खोल्यांत एकटे राहत. कंपनीने त्यांना संशोधनासाठी माझ्या शेजारची खोली दिली आणि तिथे त्यांनी लेसर बांधायला घेतला. विकत घेण्याची ऐपत कंपनीची नव्हती. लांब काचेची नळी, तिच्याभोवती पाण्याचं वेष्टण, खाली धडधडणारा पंप, आणि वर ‘हात लावू नये’ अशी मी सुवाच्य अक्षरात लिहिलेली पाटी.

त्यांना काय करायचं होतं ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. माझ्या खोलीत थंडाव्याला आले होते, पण बाकीच्यांसारखे दोन मिनिटांत गेले नाहीत. म्हणाले, “बाई, शेगडीवर भांडं ठेवलं की त्यातलं सगळंच तापतं. मला रेणूतला एकच बंध तापवायचाय. बाकीचा रेणू थंड.”

थोरलीसाठी थोडं खुलासेवार लिहिते. रेणूतले अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि ते जोड सतत हलत असतात, प्रत्येक आपल्या ठरावीक गतीने. झोपाळ्याला त्याच्या लयीत हात दिला तरच झोका चढतो, भलत्या वेळी ढकललं तर चढत नाही. लेसरच्या प्रकाशालाही एकच लय असते. ती एखाद्या जोडाच्या लयीशी जुळवली तर तेवढाच जोड झोके घेऊ लागेल, घेता घेता तुटेल, आणि बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. नुसत्या उष्णतेने रेणू तुटतो तो जिथे कच्चा असेल तिथे. या मार्गाने आपण म्हणू तिथे तुटेल. औषधं बनवताना निम्मा माल नको त्या पदार्थांत वाया जातो, तो जाणार नाही. जगभर त्या वर्षांत अनेकांना हे स्वप्न पडलं होतं. आपल्याकडे पिंपरीत ते एका खोलीत चालू होतं, आणि मला ते फार आवडलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हव्या त्या गोष्टीला हात लावावा आणि शेजारची जागची हलू नये, यापेक्षा मला दुसरं काय हवं असणार?

लांब काचेच्या डब्यात आम्ही एक वायू भरत असू. डब्याच्या दोन्ही टोकांना मिठाच्या खिडक्या. किरण एका खिडकीतून आत जाई. मग तो वायू मी माझ्या यंत्रात तपासायची. नुसता तापवला तर या वायूचा एक पदार्थ बनतो, हे आधीच माहीत होतं. सरांना हवा होता दुसरा. वर्षभर काही आलं नाही. मग एके दिवशी माझ्या कागदावर, जिथे तो असायला हवा त्याच जागी, एक बारीकसा खड्डा पडला. इतका बारीक की मी पेन उचलून पुन्हा रेघ काढली. तो तिथेच होता.

त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता सर त्यांचा चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत येऊ लागले. कागद टेबलावर पसरायचे आणि बोलायचे. ते विज्ञान इंग्रजीत बोलत आणि चहा मराठीत मागत. मी काय म्हणते ते ऐकत, पटलं नाही तर तसं सांगत. कधी आम्ही वायूवर बोलत असू, कधी त्यांच्या मुलाच्या गणितावर, कधी दापोडीच्या फाटकात मालगाडी किती वेळ थांबते यावर. लग्नानंतर माझ्याशी माझ्या विषयावर बोललेलं हे पहिलं माणूस. तुम्ही मोठे झालात की हे किती मोठं होतं ते कळेल. तो चहा पंधरावीस मिनिटांचा असे आणि मी सकाळपासून त्याच्याकडे डोळे लावून असे.

लेसरची नळी, पंप, पाणी हे सगळं सांभाळायला एक फिटर होते. मी त्यांना मामा म्हणत असे. रहाटणीचे जुने शेतकरी, कंपनी आली तशी गावातली पोरं नोकरीला लागली त्यांतले एक. सायकलच्या पिशवीतून कधी वांगी, कधी पेरू आणून माझ्या टेबलावर ठेवत. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. अंगणात बाजेवर बसवून मामींनी मला गुळाचा चहा दिला होता. ती बाज मी पुढे पुन्हा आठवणार आहे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. आदल्या दिवशी सगळं धुऊन पुसून ठेवायचं, आणि त्या दिवशी प्रत्येक मशिनला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. बॉयलरपासून वजनकाट्यापर्यंत काही सुटत नसे. लेसर आल्यावर पहिली दोन वर्षं सरांनी त्याची पूजा करू दिली नव्हती. तिसऱ्या वर्षी मामा दारात येऊन उभे राहिले.

“समद्या मशिनींची पूजा झाली, साहेब. ह्येचीच न्हाई. ह्ये काय सावत्र हाय व्हय?”

सर हसले. मुंबईचे मोठे साहेब लवकरच काम बघायला येणार होते, खड्डा हळूहळू खोल होत होता, त्यांचं मन चांगलं होतं. बटणांना हात लावायचा नाही या अटीवर त्यांनी होकार दिला आणि ते जेवायला गेले.

मी तिथे असते तर खिडकीजवळ कोणाला जाऊ दिलं नसतं. पण त्या दिवशी पॅकिंगच्या बायका मला बोलवायला आल्या होत्या. इतक्या वर्षांत प्रथमच. त्यांच्या हॉलमध्ये हळदकुंकू होतं, आणि त्यांच्यातली एक वयस्कर बाई म्हणाली होती, “त्या गार खोलीत एकटी काय करता? लोणचं व्हाल. चला.” मी गेले. जमिनीवर बसले. कोणी तरी माझी ओटी भरली. मला अजून त्या खोबऱ्याचा वास आठवतो.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले तेव्हा लेसरवर झेंडूचे हार सुकलेले होते. पंपाला कुंकू, नळीच्या स्टँडला कुंकू. आणि वायूच्या डब्याच्या खिडकीवर, अगदी मधोमध, हळदकुंकवाचं ओलं बोट टेकवलेलं. ते वाळून तिथेच बसलं होतं. मामा शेजारी उभे राहून अभिमानाने म्हणाले, “त्वांडाला लावलंय बरं का, ताई. उजेड तितूनच आत जातोय न्हवं.”

माणूस देवाच्या कपाळाला गंध लावतो, मशिनच्या तोंडाला लावतो. यात त्यांचं काय चुकलं? पाण्याने विरघळणारी खिडकी त्यांच्या बापजाद्यांनी कधी पाहिली होती? मी कोरड्या कापसाने हलक्या हाताने पुसून घेतलं. कुंकू निघालं. पाणी लावायची सोय नव्हती आणि दुसरी खिडकी नव्हती. ती परदेशातून यायची आणि तिच्या परवान्याला महिने लागायचे. खिडकी स्वच्छ दिसत होती. आम्ही वायू भरला, सरांनी लेसर सुरू केला.

त्या दिवशीचा खड्डा मी जन्मात विसरणार नाही. कागदावर पेन खाली जातच राहिलं. आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा कितीतरी खोल. सर माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, “अजून एक प्रत काढा, बाई,” आणि खोलीबाहेर जाऊन व्हरांड्यात एकटेच फेऱ्या मारत राहिले. चारच्या चहाला त्यांनी सांगितलं की आता मुंबईच्या साहेबांची वाट पाहण्यात अर्थ नाही, ते स्वतःच दोन दिवसांनी जाऊन सांगतील. हा विभाग वाढेल. मला पीएचडीला बसता येईल, ते स्वतः विद्यापीठात बोलतील. मी घरी जाताना बसमध्ये उभी होते आणि मला उभं असल्याचं कळत नव्हतं.

ते मुंबईला गेले. मागे मी डबा उघडून खिडक्या साफ करायला घेतल्या. दारातून तिरपं ऊन येत होतं. खिडकी त्या उन्हात धरली आणि मधोमध बोटाच्या आकाराचा उथळ खळगा दिसला. मीठ ओल्या बोटाने विरघळलं होतं. खळग्याच्या तळाशी कुंकू मुरलं होतं आणि ते जळून तपकिरी झालं होतं, माझ्या बसच्या तिकिटांसारखं.

मी खुर्चीवर बसले. किरण त्या डागावर पडला होता. म्हणजे बराचसा प्रकाश खिडकीतच अडकून खिडकी तापली होती. वायूपर्यंत नेहमीपेक्षा कमीच पोचला होता. प्रकाश कमी पोचला आणि माल जास्त निघाला. जोड झोके घेऊन तुटत असता तर माल कमी व्हायला हवा होता.

मग तो कुठून येत होता, हे पाहणं अवघड नव्हतं. फुटक्या खिडक्यांचे तुकडे मी टाकत नसे, बाटलीत ठेवत असे. ते एका फ्लास्कमध्ये घातले, त्यात तोच वायू भरला आणि विजेच्या लहान भट्टीत ठेवला. शेजारी दुसऱ्या फ्लास्कमध्ये नुसता वायू. लेसरचं बटणही दाबलं नाही. नुसत्या वायूत त्या जागी काही नव्हतं. मिठाबरोबर तापलेल्या वायूत खड्डा होता, त्याच जागी, तोच आकार. आमचा पदार्थ तापलेल्या मिठाच्या अंगावर बनत होता. पहिल्या दिवशीही तसाच बनला असणार. इतकी वर्षं आम्ही लेसरने मिठाची खिडकी तापवत होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून तुमचे आजोबा जेवायला घरी होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकलं. म्हणाले, तुमच्या त्या किरणाने आजवर कपभर चहा तरी उकळला का? सरांना एक भट्टी घेऊन द्या, स्वस्तात काम होईल. मी हसले नाही तेव्हा ते थांबले.

“तुला ती खोली चालू राहावीशी वाटतेय,” ते म्हणाले.

मी वाढायला उठले.

“न सांगता रोज त्यांच्यासमोर बसून चहा पिता आला तर नको सांगूस. मला नाही वाटत तुला येईल.”

एवढंच बोलून त्यांनी हात धुतला आणि तुमच्या आईला खांद्यावर घेऊन खाली गेले. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं. मी त्यांना सांगितलं कमी आणि त्यांनी पाहिलं जास्त, असं आमच्यात नेहमीच होतं. मी मात्र त्या वेळी, उष्टी काढताना, एवढाच विचार करत होते की सांगितलं तर उद्या चारनंतर काय करायचं.

सर परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मुंबईला सगळं छान झालं होतं. मी तीन कागद, लेसरचा, नुसत्या वायूचा आणि मिठाचा, त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, प्रत्येकावर खाली काय भरलं होतं ते लिहिलेलं होतं. शेजारी खिडकी ठेवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मिठाच्या कागदावर बोट ठेवलं.

“लेसर?”

“बंद होता, सर.”

“मीठ आणि उष्णता. बस्स?”

“बस्स.”

त्यांनी खिडकी उचलून उजेडात धरली. बोटाचा खळगा त्यांना लगेच दिसला. हे बोट कोणाचं असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी आयुष्यभर त्यांची ऋणी आहे. ती पुन्हा टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मी त्यांना शब्द देऊन आलोय, बाई.” आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी तिन्ही कागद घेतले, मला धन्यवाद दिले आणि दार ओढून घेतलं.

त्यांनी मुंबईला सगळं खरं लिहून कळवलं. माझं नाव घालून, माझ्या प्रयोगाचं श्रेय मला देऊन. मोठे साहेब मग आलेच नाहीत. थोड्या दिवसांत हुकूम आला, पंप प्लांटमध्ये गेला, नळी गवतात गुंडाळून पेटीत भरून गोदामात गेली. सरांना मालाच्या तपासणीवर नेमलं, पलीकडच्या इमारतीत. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. भेटले की थांबत, तुमची तब्येत कशी आहे, मुलगी कितवीत, असं विचारत. पण चार वाजता कोणी आलं नाही. पहिले काही दिवस मी दोन कप मांडून ठेवत असे. मग एकच ठेवू लागले. त्यांना माझ्यासमोर बसणं जमत नसावं, किंवा त्यांना वाटत असेल की मलाच जमत नसेल. हे एकमेकांना विचारायची रीत आमच्या पिढीत नव्हती.

मामांनी मात्र विचारलं. वरून हुकूम आला, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “एवढी पूजा करून बी?” आणि खिन्न होऊन गेले. त्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही आणि सांगायचं कारणही नव्हतं. त्या बोटाने मशिनचं वाईट केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी पेरू आणून दिले, नेहमीपेक्षा जास्त.

पॅकिंगच्या बायका पुढे मला दर खंडेनवमीला बोलवत राहिल्या. एवढं त्यातून उरलं. इतर दिवशी मात्र मी पुन्हा ‘वरची’ होते.

काही वर्षं गेली. सर निवृत्त झाले. हे ऐंशी साल उलटल्यावरचं. पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात मला कंपनीच्या कामासाठी जावं लागे. तिथे परदेशी नियतकालिकं बोटीने येत, म्हणून महिने उलटून गेलेली असत. त्यांतल्या एकात मला आमचा विषय दिसला. आमच्याहून कितीतरी चांगले लेसर असलेल्या लोकांनी तेच करून पाहिलं होतं, मिठाची चूक न करता. आणि त्यांनाही एक जोड वेगळा तोडता येत नव्हता. ज्या जोडाला ऊर्जा द्यावी त्या जोडात ती राहतच नाही, जोड तुटण्याच्या आत ती सगळ्या रेणूभर पसरते, असं त्यांनी लिहिलं होतं.

वाचता वाचता मला मामांच्या अंगणातली बाज आठवली. बाजेच्या एकाच दोरीवर बसता येत नाही. कुठेही टेका, सगळी वीण ताणली जाते, लांबच्या कोपऱ्यातली दोरीसुद्धा. रेणू तसा होता. मिठाची खिडकी नसती, कुंकवाचं बोट नसतं, तरी आमचं झालं नसतं. आम्ही हरलो होतो ते निष्काळजीपणामुळे नव्हतं. हे सरांना कळायलाच हवं, असं मला इतक्या तीव्रतेने वाटलं की मी नियतकालिकाची ती पानं तिथेच झेरॉक्स करून घेतली आणि घरी न जाता सरळ दापोडीची बस धरली. वाटेत मी बोलायची वाक्यं जुळवत होते. बाजेची गोष्ट त्यांना आवडेल असं वाटत होतं. ते पटत नाही तिथे हात वर करतील, मग मी म्हणेन, मग ते म्हणतील.

त्यांच्या दाराला कुलूप होतं. चांगलं धूळ बसलेलं. शेजारच्या घरातून एक बाई कडेवर मूल घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, ते गेले की मुलाकडे, अमेरिकेला. दिवाळीच्याही आधी. पत्ता? पत्ता नव्हता त्यांच्याकडे. घरमालक सांगतील, पण ते गावाला गेलेत. बसा ना, पाणी देते. मी पाणी प्यायले. लोहमार्गावरून एक मालगाडी गेली, ती जाईपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही, कारण काही ऐकू आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, कोण आलं होतं म्हणून सांगू? मी म्हटलं, कंपनीत होते त्यांच्या.

नंतर घरमालकांकडे मी दोनदा निरोप ठेवला. उत्तर आलं नाही. बहुधा निरोप पोचलाच नसेल. ती पानं अजून माझ्या कपाटात आहेत, आणि खिडकीही आहे. विभाग बंद करताना भांडारातून ती भंगारात काढली होती, मी मागून घेतली. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांबरोबर ठेवली आहे. पावसाळ्यात खडे गुलाबी होतात, मग मी ते कढईत परतून पुन्हा निळे करते. बोटाचा ठसा अजून दिसतो. थोरली आली की तिला उन्हात धरून दाखवीन. टपालाने पाठवण्यासारखी ती वस्तू नाही, तुमच्यापर्यंत येईतो ओल लागून तिचं नुसतं मीठ होईल.

त्या दिवशी दापोडीहून चिंचवडला परतताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. कंडक्टरने तिकीट दिलं. घरी येऊन पर्स रिकामी केली तेव्हा ते आतल्या कप्प्यात, घडी न घालता, सपाट ठेवलेलं सापडलं.